फिजिक्स आणि थिऑलॉजी दोन्ही करायचंय, पण पोट कशावर भरायचं?

प्रश्न सोलापूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. एमएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष, घर ख्रिस्ती, लहानपण शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) आणि रंगभवनच्या चर्चमध्ये गेलेलं. ती लिहिते: "मला भौतिकशास्त्र आणि ख्रिस्ती ईश्वरविज्ञान या दोन्हींचा एकत्र अभ्यास करून त्यातच करिअर करायचं आहे. वडील म्हणतात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) दे. आमचे पाळकसाहेब म्हणतात सरळ बी.डी. (ईश्वरविज्ञानाची पदवी) कर. डिपार्टमेंटमध्ये बोलले तर सगळे हसतात. आधी काय करू? आणि अशी नोकरी भारतात असते का?"

नोकरीचं आधी बोलू, कारण वडिलांचा जीव तिथे अडकलाय.

'फिजिक्स आणि थिऑलॉजी' अशी पाटी लावलेलं पद भारतातल्या एकाही विद्यापीठात माझ्या पाहण्यात नाही. परदेशातही अशी पदं मोजकीच. ऑक्सफर्डला विज्ञान आणि धर्म या विषयाचं आंद्रेआस इद्रेओस प्राध्यापकपद आहे. केंब्रिजला स्टारब्रिज नावाचं व्याख्यातापद आहे, आणि ते सुझन हॉवॅच या कादंबरीकार बाईंनी आपल्या पुस्तकांच्या कमाईतून दिलेल्या देणगीवर उभं राहिलं. म्हणजे तिथेसुद्धा सरकार किंवा विद्यापीठ आपणहून पैसे काढत नाही, हे लक्षात घे. अशा जागेवर डोळा ठेवून करिअर आखणं म्हणजे कुणीतरी निवृत्त होण्याची वाट बघत बसणं.

तेव्हा माझं सांगणं एका ओळीत सांगतो: पगार एका विषयाचा घ्यायचा, परीक्षा मात्र दोन्ही विषयांत द्यायची. या क्षेत्रात ज्यांचं नाव झालं, त्यांनी बहुतेकांनी हेच केलंय.

जॉन पोल्किंगहॉर्न यांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. केंब्रिजची प्रोफेसरशिप सोडून पाद्री झाले, एवढंच लोकांना ठाऊक असतं. त्याआधीची पंचवीसेक वर्षं ते कणभौतिकीत गळ्यापर्यंत बुडालेले होते. 1968 मध्ये गणिती भौतिकीचे प्राध्यापक झाले, 1974 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. राजीनामा दिला 1979 मध्ये, 1982 ला दीक्षा झाली, आणि मग मोठ्या व्यासपीठावर न जाता ब्रिस्टॉलमध्ये साहाय्यक पाद्री आणि केंटमधल्या एका गावात पाळक म्हणून राबले. पुस्तकांचा ओघ आणि 2002 चं टेम्पलटन पारितोषिक हे सगळं त्यानंतरचं. त्यांच्या थिऑलॉजीवर टीका करणारे पुष्कळ होते. पण 'या माणसाला फिजिक्स कळत नाही' असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तुला ते कवच लागणार आहे.

इयन बार्बर यांचा रस्ता वेगळा. शिकागोहून फिजिक्सची डॉक्टरेट, कॅलमझू कॉलेजात फिजिक्सचे विभागप्रमुख, आणि मग येल विद्यापीठात जाऊन थिऑलॉजीची रीतसर पदवी. पुढे मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात दोन्ही विषय शिकवले. 1966 च्या त्यांच्या ग्रंथापासून या क्षेत्राला स्वतंत्र विषयाचं रूप आलं असं मानतात. विज्ञान आणि धर्म यांच्यातलं नातं संघर्षाचं, अलिप्ततेचं, संवादाचं की एकात्मतेचं, ही चार खणांची मांडणी त्यांचीच. तिसरे रॉबर्ट जॉन रसेल. भौतिकीत पीएचडी, चर्चची दीक्षाही झालेली, आणि 1981 मध्ये बर्कलीला थिऑलॉजी व निसर्गविज्ञानांचं केंद्र काढलं. नोकरीच मिळेना म्हणून संस्थाच काढली, असं मी वर्गात गमतीनं म्हणतो. तसं नसेलही, पण पोरांच्या लक्षात राहतं.

आता क्रम. माझं स्पष्ट मत आहे की आधी फिजिक्सची पीएचडी. पाळकसाहेबांचा मान राखून सांगतो, बी.डी. आधी करू नकोस. गणिताचा हात चार वर्षं बंद राहिला की पुन्हा चालू करणं महाकठीण, आणि फेलोशिपला वयाची अट असते. थिऑलॉजीला वय आडवं येत नाही. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, दोन वर्षांनी 42,000. त्यात पुण्यात राहून भागतं. नुसती नेट किंवा सेट (तशीच राज्यपातळीची परीक्षा) झाली तर आपल्या भागात काय होतं ते तुला दिसतंच आहे. तासिका तत्त्वावर तास घ्यायचे, मे महिन्यात पगार नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्यात माणसाची वाचायची ताकदच उरत नाही. म्हणून वडील म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. नेट दे, पण जेआरएफसाठी दे.

विषय कोणता घ्यावा? कॉस्मॉलॉजी (विश्वरचनाशास्त्र) किंवा क्वांटम फाउंडेशन्स (क्वांटम सिद्धांताचा नेमका अर्थ काय, याचा अभ्यास) मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यासाठी आयुका, टीआयएफआर, आयसर या संशोधनसंस्थांच्या प्रवेशपरीक्षा आहेत. पण सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात फिजिक्सची पीएचडी म्हटली की बहुतेक वेळा थिन फिल्म (पदार्थाचा अतिपातळ थर), गॅस सेन्सर नाहीतर सुपरकपॅसिटर. तेच मिळालं तर नाक मुरडू नकोस. माझीही थिन फिल्मवरच आहे. बीकरमध्ये द्रावण, काचेच्या पट्ट्या, तापमान ठरावीक ठेवून तासन्‌तास बसायचं, मग एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) आलेखावर एक जास्तीचं शिखर दिसतं आणि गाईड विचारतात, "हे नमुन्याचं आहे की काचेचं?" या एका प्रश्नाची सवय लागली की पुढे थिऑलॉजी वाचतानाही ती सुटत नाही. लेखक जो निष्कर्ष काढतोय तो पुराव्यातून आलाय, की त्यानं तो आधीच खाली अंथरून ठेवला होता? बिग बँगवर भाषणं ठोकणाऱ्या पुष्कळांना हा प्रश्न पडतच नाही. साधनाची चूक किती, हे ज्यानं स्वतः मोजलंय तो 'विज्ञानानं सिद्ध केलंय' हे शब्द जपून वापरतो.

थिऑलॉजीच्या बाजूला याच्या उलटा धोका आहे. फिजिक्सवाल्यांना वाटतं की थिऑलॉजी म्हणजे बायबल वाचलेलं असणं, वर दोन-चार इंग्रजी पुस्तकं, झालं. तसं नाही. ग्रीक आणि हिब्रू निदान वाचता यावं लागतं. मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास, ऑगस्टीन आणि अक्वायनस हे जुने ख्रिस्ती विचारवंत, त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), बायबलच्या चिकित्सेच्या पद्धती, हे सगळं रीतसर शिकावं लागतं आणि कुणीतरी लाल शाईनं पेपर तपासावा लागतो. भारतात प्रॉटेस्टंट बाजूला याची मुख्य व्यवस्था बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची. सेरामपूर कॉलेज 1818 चं, पदव्या देण्याची सनद डेन्मार्कच्या राजाची, 1827 ची. त्यांची बी.डी. पदवीधरांना साधारण चार वर्षांची असते. बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज त्यातलं नावाजलेलं. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी (पाळक घडवणारी धर्मशाळा) आहे, ती 1983 मध्ये यवतमाळहून पुण्याला आली. कॅथलिक बाजूला रामवाडीचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. तिथले जेझुइट (कॅथलिक पाद्रींच्या येशूसंघाचे) जॉब कोझामथडम यांनी केप्लरच्या नियमांमागे विज्ञान, तत्त्वज्ञान आणि धर्म कसे एकत्र आले यावर 1994 मध्ये ग्रंथ लिहिला. तो मिळवून वाच, म्हणजे या विषयात चांगलं संशोधन कसं दिसतं ते कळेल. केप्लरलाही मुळात धर्मोपदेशकच व्हायचं होतं, गणिताचा मास्तर तो नाइलाजानं झाला.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून ठेव: ही पदवी कुणाची, आणि पुढे विद्यापीठात पीएचडीसाठी ती चालते का? सेमिनरीची पदवी प्रत्येक विद्यापीठ सारख्याच नजरेनं बघत नाही. विद्यापीठाच्याच चौकटीत राहायचं असेल तर मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अध्ययनाचा विभाग आहे, आणि यूजीसी-नेटमध्ये 'धर्मांचा तुलनात्मक अभ्यास' हा स्वतंत्र विषय आहे, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. परदेशात एडिंबरोला विज्ञान आणि धर्म या विषयात एमएस्सी करता येते, घरी बसून ऑनलाइनसुद्धा. फी मात्र पौंडात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तू विचारलेलं नाहीस, पण तुझं करिअर यावरच उभं राहील किंवा पडेल.

या क्षेत्रात येणाऱ्या नव्या माणसाला पहिला मोह होतो तो फिजिक्समधली फट शोधून तिथे देवाला बसवण्याचा. हा मोह न्यूटनलाही आवरला नाही. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हळूहळू बिघडत जाणार, आणि कधीतरी निर्मात्याला ही व्यवस्था नीट लावावी लागणार, असं त्यानं आपल्या 'ऑप्टिक्स' या पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवलं. तत्त्वज्ञ लायब्निझनं त्याची टर उडवली: म्हणजे देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून चावी द्यावी लागते तर! त्या काळची निरीक्षणंही न्यूटनच्या बाजूची वाटत होती, कारण गुरूची गती वाढत चाललेली आणि शनीची मंदावत चाललेली दिसत होती. मग 1785 मध्ये फ्रेंच गणिती लाप्लासनं हिशेब मांडला. तो ढोबळपणे तूही वहीत करून बघ. गुरूची प्रदक्षिणा 11.86 वर्षांची, शनीची 29.46 वर्षांची. गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे 59.3 वर्षं, शनीच्या दोन म्हणजे 58.9. जवळजवळ सारखे आकडे, पण अगदी सारखे नाहीत. त्यामुळे दोघं एकमेकांना ठरावीक जागी पुन्हा पुन्हा ओढतात, ती ओढ साठत जाते, आणि ती जागा हळूहळू सरकत असल्यामुळे साधारण 900 वर्षांच्या चक्रात उलटते. बिघाड नव्हताच, लांबलचक आवर्तन होतं. न्यूटनचं गणित पुढे गेलं आणि त्याच्या देवाची जागा गेली.

दुसरा मोह याच्या उलट. फिजिक्सनं काही नवं सांगितलं की लगेच 'बघा, आमच्या पवित्र शास्त्रात आधीच होतं' म्हणायचं. आपल्याकडे हा रोग कुठल्याच धर्माला चुकलेला नाही. इथे जॉर्ज लमेत्र यांच्याकडे बघ. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, 1927 मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाची मांडणी केली, 1931 मध्ये सारं विश्व एका 'आद्य अणू'तून निघालं ही, बिग बँगच्या मुळाशी असलेली, कल्पना मांडली. नोव्हेंबर 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या नव्या विश्वरचनाशास्त्राचा आधार घेऊन जणू विज्ञानानं 'प्रकाश होवो' या क्षणाचीच साक्ष दिली असा सूर लावला. दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांमार्फत आपलं म्हणणं पोहोचवलं, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत पोप यांनी तो सूर पुन्हा लावला नाही. लमेत्र यांचं म्हणणं सरळ होतं: आद्य अणू हा भौतिकीतला सिद्धांत आहे, तो उद्या चुकीचा ठरू शकतो, त्यावर श्रद्धा टांगू नका. तेच लमेत्र 1960 पासून शेवटपर्यंत पोपच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. स्पष्ट बोलल्यामुळे त्यांचं चर्चमध्ये काही बिघडलं नाही.

रविवारी उपासनेनंतर तुलाही कुणीतरी विचारणारच, "बिग बँग म्हणजेच उत्पत्तीचा पहिला अध्याय ना?" अक्वायनसनं तेराव्या शतकातच लिहून ठेवलंय की जगाला आरंभ होता हे श्रद्धेनं मानायचं, तर्कानं सिद्ध करता येत नाही. निर्मिती म्हणजे जग प्रत्येक क्षणी देवावर अवलंबून असणं. विश्व अनादी निघालं तरी ते अवलंबून असू शकतं. हे समजलेल्या माणसाला देवाशिवाय विश्वाचा आरंभ सांगणाऱ्या हॉकिंगची भीती वाटत नाही आणि बिग बँगचा उन्मादही चढत नाही. मी चर्चमध्ये हे सांगतो तेव्हा थोडी निराशा पसरते हे खरं. लोकांना टाळ्या वाजवायच्या असतात.

मग खरं काम कशात आहे? देव जगात कृती करतो, असं ख्रिस्ती माणूस मानतो. ती कृती निसर्गनियम न मोडता होऊ शकते का? पोल्किंगहॉर्न यांनी केऑस सिद्धांताचा (सुरुवातीच्या बारीक फरकानं पुढचं सगळं बदलतं, हे सांगणाऱ्या) आधार घेतला: भाकीत अशक्य आहे, तर निसर्गच आतून मोकळा असावा. टीकाकारांनी लगेच दाखवलं की केऑसची समीकरणं पूर्णपणे नियतिवादी आहेत, म्हणजे आजच्या स्थितीवरून पुढचं सगळं ठरूनच जातं. आपल्याला भाकीत जमत नाही म्हणून निसर्ग मोकळा ठरत नाही. रसेल यांनी क्वांटम पातळी धरली, कारण तिथली अनिश्चितता मुळातलीच आहे. पण ती मुळातली आहे हे तरी सगळ्यांना कुठे मान्य आहे? डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाचं 1952 चं अर्थघटन प्रयोगांचे तेच निकाल देतं आणि ते नियतिवादी आहे. म्हणजे रसेल यांची थिऑलॉजी क्वांटमच्या एका ठरावीक अर्थघटनेवर उभी राहते, आणि रसेल स्वतः हे मान्य करून पुढे जातात. हा वाद नीट समजायला श्रॉडिंगर समीकरण सोडवता आलं पाहिजे आणि अक्वायनसची 'दुय्यम कारणां'ची मांडणीही (देव निसर्गातल्या कारणांमधूनच काम करतो) माहीत पाहिजे. दोन्ही जमणारी माणसं फार थोडी आहेत, म्हणून तर तुझी गरज आहे.

विषय मात्र लहान घे. 'देव आणि क्वांटम' नको. आंत्ये याकलेन या बाई फिजिक्सवाल्या नव्हेत, थिऑलॉजीच्या. 1999 मध्ये लुंडला काळ या संकल्पनेवर डॉक्टरेट केली, पुढे 2014 ते 2022 स्वीडनच्या चर्चच्या आर्चबिशप होत्या. त्यांनी काय केलं बघ: चर्चच्या गीतसंग्रहांत काळ कसा दिसतो ते तपासलं आणि ते भौतिकीतल्या काळाशेजारी ठेवलं. आता तुझ्यापुढे काय आहे? आपलं 'उपासना संगीत' हे मराठी चर्चचं गीतपुस्तक, त्यात ना. वा. टिळकांची गीतं. भक्तिपरंपरेतला काळ आणि पाश्चात्त्य स्तोत्रांतला काळ एकाच वहीत. हे कुणी परदेशातून येऊन करणार नाही. किंवा 'ज्ञानोदय' हे नियतकालिक घे. 1842 मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननं सुरू केलं आणि त्यात धर्मासोबत विज्ञानाचे लेखही छापले. मिशनऱ्यांनी ते विज्ञान पुराणांतल्या भूगोलाविरुद्ध हत्यार म्हणून वापरलं, मग तेच हत्यार उलटून बायबलवर आलं तेव्हा काय झालं? यावर कुणी जुने अंक घेऊन बसलं तर जगात कुठेही वाचतील असं काम होईल.

आणखी एक. या विषयावरचं बहुतेक पाश्चात्त्य लेखन गृहीत धरतं की समोरचा एकतर ख्रिस्ती आहे किंवा नास्तिक. सोलापुरात तुझ्या बाकावर लिंगायत असतो, पद्मशाली असतो, मुसलमान असतो. देवानं जग शून्यातून निर्माण केलं हा ख्रिस्ती मुद्दा यांतल्या प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. सिद्धरामेश्वरांच्या गावात राहून शरणांची वचनं न वाचता ही चर्चा करायला गेलीस तर ती आयात मालासारखी वाटेल.

डिपार्टमेंटमधल्या हसण्याचं फार मनावर घेऊ नकोस. पण गाईडला तुझ्या थिऑलॉजीशी देणंघेणं नाही, हे मान्य कर. प्रबंधात ती घुसडू नकोस, आणि प्रयोगशाळेचा वेळ तिच्यावर घालवू नकोस. हसणाऱ्यांना सांगायचंच असेल तर सांग की व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक सप्टेंबर 2025 पासून आपल्याकडचे, गोव्याच्या जेझुइट प्रांताचे रिचर्ड डिसूझा आहेत. मुंबईच्या झेवियर्सला फिजिक्स, म्युनिकला आकाशगंगांवर डॉक्टरेट. हसणं थांबेलच असं नाही, पण विषय बदलेल.

पैशाबाबत एक सावधगिरी. या क्षेत्रातलं बरंचसं अनुदान टेम्पलटन फाउंडेशनकडून येतं, आणि ते घेण्याला आक्षेप असणारे नामवंत वैज्ञानिक आहेत. माझ्या मते घ्यायला हरकत नाही, फक्त निष्कर्ष आधी ठरवून मागणाऱ्याचे पैसे घेऊ नयेत, मग तो फाउंडेशन असो की चर्च.

पाळकसाहेबांना भेटून सांग की बी.डी. टाळत नाहीये, पुढे ढकलतेय. तोवर शब्बाथ शाळेचा एक वर्ग मागून घे, मोठ्या मुलांचा. तेरा-चौदा वर्षांची पोरं डायनासोर आणि आदामावरून जे विचारतात ते सेमिनरीच्या मुलाखतीतसुद्धा कुणी विचारत नाही. ग्रीक मुळाक्षरं आत्ताच सुरू करायला हरकत नाही, अर्धी तर तुला समीकरणांमुळे येतातच. आणि एखाद्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन ये. रामवाडी आणि बिबवेवाडी दोन्हीकडे आधी फोन करून वेळ घे, ग्रंथालय बघू द्या म्हण, एखाद्या प्राध्यापकांशी अर्धा तास बोल. नेटचा अभ्यास त्या दिवशी बुडाला तर बुडू दे, पण एकच दिवस.